आतली कडी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घराचे दार लवकर लावू नये, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. लक्ष्मी गावातून हिंडत असते आणि जिथे दिवा लावलेला व दार उघडे दिसेल तिथे ती शिरते, असे जुन्या बायका सांगतात. त्याच रात्री उशिरा सुपे वाजवीत, केर काढीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायचे असते. म्हणजे एकाच रात्री, एकाच दाराने, एकीला आत घ्यायचे आणि दुसरीला बाहेर काढायचे. लहानपणी मला याचे मोठे कोडे वाटे. दोघी उंबरठ्यावर समोरासमोर आल्या तर आधी वाट कोण देत असेल? आजीला विचारले, तर ती म्हणाली, "जाणारीला आधी वाट द्यावी, म्हणजे येणारीला जागा होते."

आजीने हे सहज म्हटले असेल. पण दाराबद्दल याहून शहाणपणाचे बोलणे मी अजून ऐकलेले नाही. दाराला कामे दोन. येणाऱ्याला पारखून घ्यायचे आणि जाणाऱ्याला वाट द्यायची. वर्षातली ही एक रात्र सोडली, तर आपण पहिल्या कामाचीच काळजी वाहतो. दुसरे काम दार आपोआप करील असे धरून चालतो.

दारासारख्या साध्या वस्तूवर दिवाळी अंकाची इतकी पाने खर्च करावीत का, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की गेले वर्षभर आमच्या घरात दार आणि कुलूप याखेरीज दुसरा विषय नव्हता. मुलाचे लग्न ठरवायलासुद्धा आम्हांला इतके दिवस लागले नव्हते.

आमचे घर भिवापूरला. नागपूरहून उमरेडच्या रस्त्याने निघाले, की उमरेडच्या पुढे हे गाव लागते. पूर्वी नागभीडकडे जाणारी छोटी रेल्वे गावावरून जाई. रुळांची रुंदी वाढवण्यासाठी ती २०१९ साली बंद झाली, आणि तिच्या शिटीवर घड्याळ लावणाऱ्या माणसांची पंचाईत झाली. गावाचे नाव बाहेर ठाऊक आहे ते मिरचीमुळे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. हंगामात सातऱ्यांवर लाल रंगाचा समुद्र पसरलेला असतो आणि बायका दिवसभर देठ खुडत बसलेल्या असतात. आमच्या यजमानांचा मिरचीचाच व्यापार आहे. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या सपरीपासून माजघरापर्यंत पोती रचलेली असतात, आणि घरात थोडाफार पैसाही असतो. दुसरी गोष्ट चोरांना ठाऊक असते. पहिलीचे महत्त्व मला पुढे कळले.

आमचे दार जुने, सागवानी. त्याला बाहेरून कडी आणि कोयंडा, आतून एक जाड आगळ. आगळ म्हणजे लाकडाचा ओंडकाच म्हणा ना. भिंतीतल्या एका खोबणीतून ओढून समोरच्या खोबणीत सारायचा, की दार हलत नसे. घरात सासूबाई असताना तो रोज रात्री त्याच सारीत, आणि पहाटे सडा घालायला त्याच काढीत. पुढे भिंती नव्याने बांधल्या तेव्हा खोबणी बुजल्या आणि आगळ सरपणात गेली. तिच्या जागी अल्ड्रॉप आला, वर एक खिट्टी आली, आणि दाराच्या बाजूला उजेडासाठी काचेची एक उभी पट्टी आली. उजेड आला, पण दाराची जुनी वट गेली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत चोरी झाली. घरची माणसे लग्नाला गेली होती. परत येऊन पाहतात तो कुलूप जसेच्या तसे कडीत लोंबत होते, आणि कोयंडा खिळ्यांसकट चौकटीतून बाहेर आला होता. चोराने कुलपाला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरचा माणूस कुलूप आणायला बाजारात गेला. कोयंड्याचे खिळे बदलायला एकही गेला नाही. माणसाच्या मनात चोरीचे औषध म्हणजे कुलूप, हे समीकरण असे घट्ट बसलेले आहे.

आमचा मुलगा नागपूरला असतो. त्याला ही बातमी कळताच तो शनिवारी हजर झाला. "आई, हे दार म्हणजे चोराला आमंत्रण आहे," असे म्हणून तो मला कुलपांच्या दुकानात घेऊन गेला.

कुलपांचे दुकान ही मोठी शिकण्याची जागा आहे. दुकानदार मोठा बोलका होता. अलीगडची लोंबती कुलपे, दाराच्या अंगातच बसणारी कुलपे, नुसते दार ओढले की लागणारे लॅच, बॅटरीवर चालणारी आणि बोटाचा ठसा ओळखणारी कुलपे, असा सगळा संसार त्याने पुढे मांडला. आपल्या देशात कुलूप हा विश्वासाचा शब्द झाला, त्यात आर्देशीर गोदरेज यांचा मोठा वाटा आहे. वकिली सोडून १८९७ साली त्यांनी मुंबईत कुलपे करायला घेतली. तेव्हापासून 'चांगले कुलूप' म्हणजे कोणते, हे घरोघर ठरून गेले. आतल्या पट्ट्या किती, किल्लीला दाते किती, खोटी किल्ली लागणार नाही, करवत चालणार नाही, असे गुण दुकानदार एकामागून एक सांगत होता. मी ऐकत होते. अर्ध्या तासाने माझ्या ध्यानात आले, की हा सगळा गौरव दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून आहे. आत जो झोपलेला आहे त्याच्याविषयी कुलूप काय म्हणते, हे कुणीच सांगत नव्हते.

शेवटी मुलाने एक कुलूप निवडले. त्याला बाहेरूनही किल्ली लागे आणि आतूनही. मुलाचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. "आपल्या दाराशेजारी काच आहे. चोर काच फोडील, हात आत घालील आणि मूठ फिरवून दार उघडील. आतूनही किल्ली असेल तर काच फोडूनही त्याला काही करता येणार नाही." मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी म्हटले, "वाढयाला विचारू."

आमचा वाढई म्हातारा आहे. पुष्कळ दारे त्याच्या हातची आहेत. त्याने ते कुलूप उलटसुलट करून पाहिले, किल्ली दोन्ही बाजूंनी घालून फिरवली, आणि म्हणाला, "बाई, चोराले आत यायचं हाय. तुमाले बाहेर जायचं हाय. दोघायले एकच कुलूप कसं चालन?"

मुलगा हसला. मला मात्र तीन उन्हाळ्यांपूर्वीची एक रात्र आठवली.

विदर्भातला उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, की त्या दिवसांत आम्ही घरात झोपत नाही. अंगणात नाहीतर गच्चीवर बाजा टाकतो. मग खालचे घर रिकामे राहते, म्हणून त्याला बाहेरून कुलूप घालतो. आमच्या पलीकडच्या घरीही तसेच होते. फक्त त्या घरी एक आजी होत्या. त्यांना जिना चढवत नसे, म्हणून त्या खाली कूलरपुढे निजत. "आजींना भीती नको" म्हणून त्यांच्या दारालाही बाहेरून कुलूप असे, आणि किल्ली कर्त्या माणसाच्या खिशात. त्या रात्री कर्ता माणूस एका वरातीला गेला होता. मध्यरात्री कूलरची वायर तापून पेटली. गच्चीवरच्या मंडळींना आधी वास आला, मग खिडकीतून धूर दिसला. आजी आतून दार ओढीत होत्या. दार सागाचे, कुलूप उत्तम. पाचसात माणसे बाहेर उभी होती आणि कुणाजवळही किल्ली नव्हती. कुणीतरी सब्बल आणली. कुलूप तुटेना, तेव्हा कोयंड्यात सब्बल घालून दाबली. कोयंडा उपटून आला आणि आजी बाहेर आल्या. त्या खोकत होत्या, पण धडधाकट होत्या. पुढे त्या दोन वर्षे जगल्या. भेटल्या की म्हणत, "माह्या नशिबानं कोयंडा कच्चा होता."

त्यांचे हे वाक्य मी विसरू शकत नाही. चोराला उपयोगी पडलेला कच्चा कोयंडा आणि आजींना वाचवणारा कच्चा कोयंडा, दोन्ही एकाच गल्लीतले. मग कोयंडा कच्चा ठेवावा की पक्का करावा?

आगीविषयी आपल्या मनात जे चित्र असते ते ज्वाळांचे असते. प्रत्यक्षात घराच्या आगीत माणसे जळून मरण्यापेक्षा धुराने गुदमरून अधिक मरतात. धूर आधी छताला जाऊन साचतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. त्यात जो विषारी वायू असतो त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो आधी माणसाची बुद्धीच मंद करतो. पूर्वीच्या घरांत कापसाच्या गाद्या आणि लाकूड असे. आता फोम आहे, प्लॅस्टिक आहे, आणि या वस्तू फार झपाट्याने पेटतात व वाईट धूर सोडतात. दिवे गेलेले असतात. डोळे चुरचुरत असतात. हात कापत असतो. अशा वेळी हाताशी काही मिनिटेच असतात, आणि त्यातली पहिली जागे होण्यातच जातात. उरलेल्या वेळात किल्ली शोधायची, ती सुलटी धरायची आणि अंधारात कुलपाचे भोक शोधायचे! आणि आमच्या घरात तर मिरचीची पोती. फोडणीत एक मिरची जास्त करपली तर सारे घर खोकत अंगणात पळते. पोते पेटले तर काय होईल, याचा हिशेब मांडायला फार हुशारी लागत नाही.

मुलगा म्हणाला, "असे कितीदा घडते, आई?" म्हणून मी त्याला वर्तमानपत्रांतल्या जुन्या बातम्यांची आठवण दिली. पुण्याला कोंढव्यात ३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे एका बेकरीला आग लागली. आत सहा कामगार झोपले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही जण गेले. पुढे मे २०१९ मध्ये पुण्याजवळच उरुळी देवाची येथे एका साड्यांच्या दुकानात तसेच झाले. दुकान बाहेरून बंद, आत पाच कामगार. पाचही गेले. या दोन्ही ठिकाणी कुलूप कुणाला मारण्यासाठी लावलेले नव्हते. मालाच्या काळजीने लावले असेल, कदाचित झोपलेल्या माणसांच्याही काळजीने. पण कुलपाला काळजी कळत नाही. त्याला किल्ली कळते, आणि किल्ली ज्याच्या खिशात तो माणूस नेमका त्या वेळी आपल्या घरी झोपलेला असतो.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी एका शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. कामावर बहुतेक तरुण मुली, पोटासाठी परदेशांतून आलेल्या. त्यांनी कापड चोरून नेऊ नये, म्हणून सुटीच्या वेळी एकाच दाराने सोडून पिशव्या तपासण्याची तिथे पद्धत होती. त्यासाठी नवव्या मजल्यावरचे दुसरे दार कुलूपबंद असे. त्या दिवशी १४६ माणसे मेली. मालकांवर खटला झाला आणि ते सुटले, कारण दाराला त्या क्षणी कुलूप होते हे त्यांना ठाऊक होते, असे सिद्ध झाले नाही. एका पिशवीत कापडाचा असा कितीसा तुकडा मावला असता, असा विचार माझ्या मनात येतो, आणि पुढे जात नाही.

त्याच्याही आधी, १९०३ च्या डिसेंबरात, शिकागोच्या एका नव्याकोऱ्या नाटकगृहात आग लागून सहाशेवर माणसे मेली. सुटीचे दिवस, दुपारचा खेळ, प्रेक्षकांत बायका-मुलांचा भरणा. जाहिरातीत लिहिले होते की या इमारतीला आग लागूच शकत नाही. पुष्कळ दारे कुलूपबंद होती, आणि काहींना अशा तऱ्हेचे अडकण होते की ते कसे उघडते हे प्रेक्षकांना ठाऊकच नव्हते. त्या खेळाला कार्ल प्रिन्झलर नावाचा एक माणूस जाणार होता आणि कामामुळे जाऊ शकला नाही. तो कड्या-कुलपांचाच विक्रेता होता. पुढे त्याने हेन्री द्यूपाँ या जोडीदाराला घेऊन एक युक्ती काढली आणि १९०८ साली ती विकायला आणली. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा. बाहेरून दार बंद, पण आतून दांड्यावर अंग टेकले की ते उघडते. अंधार असो, धूर असो, मागून गर्दी रेटत असो, त्या रेट्यानेच दार उघडते. मोठ्या चित्रपटगृहांत आणि इस्पितळांत असे दांडे आता आपल्याकडेही दिसतात. मी पूर्वी त्यांना नुसते हात टेकायचे कठडे समजत असे.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही हेच तत्त्व घातलेले आहे. सुटकेचे दार ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे, त्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडले पाहिजे. भिवापूरला आमच्या दाराशी संहिता घेऊन कुणी तपासायला येणार नाही. पण आमचा वाढई जे बोलला आणि संहिता जे सांगते, त्यात मला काही अंतर दिसले नाही.

मला तर यात आपली हिरकणीही दिसते. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीच्या दिवशी ती दूध घेऊन रायगडावर गेली, सूर्य मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले, आणि तान्हे मूल खाली घरी राहिले. कड्यावरून ती रातोरात उतरली. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो, आणि ते करायलाच हवे. पण मला वाटते, ही कथा दरवाजाचीही आहे. दरवाजा शत्रूसाठी बंद केला होता आणि अडली ती घरचीच बाई. त्या दारावरच्या पहारेकऱ्यांना काळ-वेळ पाहून नियम पाळायचा होता; त्यांचा तरी काय दोष? मात्र सगळ्यांनाच कडा उतरता येत नाही. आमच्या मामाजींना तर उंबरठाही जपून ओलांडावा लागतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय ८६. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, बोटे संधिवाताने आखडलेली, पण बुद्धी तल्लख. ते सपरीतच, दाराजवळ झोपतात. घरात आग लागली तर दाराशी सर्वांत आधी पोचणारे ते, आणि किल्ली न सापडणारेही तेच. मी मुलाला म्हटले, "तुझे कुलूप चांगले की वाईट, हे तू ठरवू नकोस, मी ठरवत नाही. आबाजी ठरवतील."

दुकानदाराने विश्वासाने तीन नमुने दिले. वाढयाने ते एका जाड फळीवर ठोकले आणि फळी खांबाला उभी बांधली. मामाजींना ही कल्पना फार आवडली. त्यांनी आपण होऊन उपरण्याने डोळे बांधून घेतले.

पहिले कुलूप मुलाचे, आतून किल्लीचे. किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगली होती. मामाजींनी चाचपून ती काढली, आणि ती हातून निसटली. ते खाली वाकले, जमिनीवर हात फिरवू लागले. आम्ही सगळे पाहत उभे होतो. नातवाला राहवले नाही, तो पुढे झाला, तर मी त्याचा हात धरला. बऱ्याच वेळाने किल्ली सापडली. ती उलटी लागली, मग सुलटी लागली. मामाजी उपरणे वर करून म्हणाले, "हे तं मले कोंडाचं कुलूप हाय."

दुसऱ्या कुलपाला आतून गोल मूठ होती. किल्ली नको. पण गुळगुळीत मूठ त्यांच्या आखडलेल्या बोटांत फिरेना, घसरू लागली. तिसऱ्याला आडवा दांडीसारखा हात होता. मामाजींनी त्यावर मनगट टेकले, खाली दाबले, आणि आतली जीभ खट् करून मागे सरली. त्यांनी ते पुन्हा केले, मग कोपराने केले, मग नुसतेच मजेने चारपाच वेळा केले. निकाल लागला.

दोन दिवस मुलगा गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पण काचेचे काय?" हा प्रश्न खरा होता आणि तो टाळण्यात अर्थ नव्हता. तो सोडवला वाढयाने. त्याने काच फोडूनही पंजा आत जाणार नाही अशी बारीक चौकड्यांची लोखंडी जाळी काचेवर आतून बसवली. उजेड कायम राहिला, हात अडला. मग तो बाहेरच्या बाजूकडे वळला. कोयंड्याचे खिळे काढून त्याने दारातून आरपार बोल्ट घातले आणि आतून चाक्या आवळल्या. चौकटीला लांब स्क्रू मारले, ढिल्या बिजागऱ्या बदलल्या. वरची खिट्टी मी काढून टाकायला लावली, कारण मामाजींचा हात तिथवर पोचत नाही. एका दाराला आतून तीन अडकणे म्हणजे अंधारात तीन वेळा चाचपणे.

हे सारे होत असताना माझ्या लक्षात आले, की मी जिला मोठी तेढ समजत होते ती बरीचशी तेढ नव्हतीच. चोरापासून राखण होते ती चौकटीच्या, कोयंड्याच्या आणि लाकडाच्या मजबुतीने. सुटका होते ती आतल्या मुठीच्या सोपेपणाने. ही दोन कामे दाराच्या दोन बाजूंची आहेत. बाहेरची बाजू हवी तेवढी कठोर करावी, आतली बाजू लहान मुलालाही उघडावी इतकी मऊ ठेवावी. आजींच्या कोयंड्याचेही उत्तर यातच होते. कोयंडा पक्काच हवा, पण ज्या घरात माणूस आहे त्या घराला बाहेरून कुलूप नको.

इतर गोष्टीही मग ओघाने झाल्या. परसदारी चॅनल गेट आहे, त्याला रात्री आतून लोंबते कुलूप घालायची पद्धत होती. त्याची किल्ली आता गेटापासून तीन हातांवर खिळ्याला असते. आतल्याला ती सापडते, बाहेरून हात घालणाऱ्याला पोचत नाही, आणि कुणीही ती दुसरीकडे ठेवायची नाही असा घरात कडक नियम आहे. निजायच्या खोलीच्या एका खिडकीचे गज बिजागरीवर उघडतील असे करून घेतले, आतून साधी कडी. काही लॅच असे असतात की बाहेरून किल्लीचा जास्तीचा वेढा दिला, की आतली मूठही मुकी होते. ते दुकानातच फिरवून पाहावे.

मुलाने शेवटचा बाण सोडला. "आई, एवढे करूनही चोर आलाच तर?" मी म्हटले, "येईल. त्याला दार फोडावे लागेल, आवाज होईल, वेळ लागेल, आणि या दोन गोष्टी चोराला आवडत नाहीत. तरीही त्याने नेलेच, तर नेऊ दे. माझ्या पाटल्या मी बँकेच्या लॉकरात ठेवल्या आहेत. आबाजींना लॉकरात ठेवता येत नाही."

यंदा दिवाळीच्या खरेदीत पुष्कळ घरी नवी कुलपे येतील. लोक सुटीत गावी जातात, मागे घर राहते, भीती वाटते. ती खोटी नाही. कुलूप जरूर घ्यावे. फक्त दुकानदार बाहेरच्या माणसाविषयी सांगून दमला, की त्याला आतल्या माणसाविषयी एक प्रश्न विचारावा: "हे आतून किल्लीवाचून उघडते का?" आणि घरी आणल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला ते डोळे मिटून उघडायला सांगावे. मुलांना हा खेळ फार आवडतो.

नव्या कुलपाचा एक फायदा मात्र आमच्यापैकी कुणीच मनात धरला नव्हता. मामाजींना पहाटे चारला जाग येते. पूर्वी वरची खिट्टी आणि जड अल्ड्रॉप त्यांच्याने निघत नसे, म्हणून कुणी उठेपर्यंत ते अंथरुणावर बसून राहत. "झोपमोड नको" असे म्हणत, पण कोंडल्यासारखे होई. आता थंडी पडू लागली आहे. पहाटे अंधारात सपरीत पावले वाजतात, खट् असा आवाज होतो, आणि मामाजी शाल पांघरून ओट्यावर जाऊन बसतात. समोरून मिरचीच्या शेताकडे जाणाऱ्या बाया त्यांना हाक मारून जातात. मला तो आवाज झोपेत ऐकू येतो. मी कूस बदलते आणि पुन्हा झोपते.